कारल्याचं चित्र

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेतला तिसरीचा वर्ग. मांडी घालून बसलेली मुलं, पुढ्यात चित्रकलेच्या वह्या.)

दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. हे चित्र आपण सगळ्यांनी काढलंय. या वर्गातही वहीवहीत तेच आहे. गावाला डोंगर नाही. नारळ तर नाहीच.

आता प्रगतिपुस्तकात या चित्राची नोंद काय करायची?

पहिली ते पाचवीला अशा शाळांत बहुधा चित्रकलेचे वेगळे शिक्षक नसतात. गणित घेणाऱ्या बाईच चित्रकलाही घेतात. वर्णनात्मक नोंदीत मग ठरलेली वाक्यं येतात: ‘चित्रे सुबक काढतो’, ‘रंगकामात रस घेते’. सुबक म्हणजे काय, हे मुलाला कोणीच सांगत नाही.

शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलेसाठीही, भाषा-गणितासारख्याच, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता यायला हवं, हे मांडलं आहे. पण कागदावरची निष्पत्ती वर्गात उतरवायची बाईंनाच.

(दृश्य: बाई पिशवीतून कारली काढतात. एकेक कारलं हातोहात फिरतं.)

आजची निष्पत्ती बाईंनी स्वतः लिहिली आहे: ‘वस्तू हाताळून, निरखून तिचे तीन बारकावे चित्रात दाखवतो.’ मुलं कारल्याच्या खरखरीत पाठीवरून बोटं फिरवतात. देठाशी हिरवा फिका होतो, हे एकीला दिसतं. ती पिवळ्या खडूवर हिरवा घासून बघते. तिचं कारलं वाकडं आलंय. नोंदीत मात्र बाई लिहितात, ‘देठाकडची फिकी छटा दोन रंग मिसळून आणली.’ आईला वाचून दाखवली, तर तिलाही कळेल अशी नोंद.

वयाचं भानही हवंच. सात-आठ वर्षांचं मूल आकाश म्हणून कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी ओढतं, जमीन खालच्या कडेला. ती चूक नव्हे. त्या वयात जग असंच मांडलं जातं. त्याच्याकडून यथार्थदर्शनाची, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवण्याची, अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. आपल्याकडची चित्रकलेची सरकारी एलिमेंटरी परीक्षासुद्धा, नावाचा अर्थ ‘प्राथमिक’ असला तरी, माध्यमिक शाळेच्या वयातली मुलं देतात.

(दृश्य: शाळेचं फाटक, बाहेरचा रस्ता.)

पुढच्या तासाला बाई मुलांना इथे बसवणार आहेत. समोर पाण्याची टाकी आहे, विजेचा वाकलेला खांब आहे आणि एक बाभळ.