वेगळं दळण

(गिरणी. मोटर सुरू होते, पट्टा फिरू लागतो.)

सोलापूर. सकाळचे आठ वाजलेत. दळणाचे डबे रांगेला लागलेत, झाकणांवर खडूनं नावं लिहिलेली. डावीकडची चक्की गव्हाची, उजवीकडची ज्वारी-बाजरीची. ही वाटणी जुनीच आहे. कणकेत ज्वारीचं पीठ आलं की पोळी लाटताना फाटते, म्हणून गिरणीवाले पहिल्यापासून सांभाळून असतात. ज्वारीत थोडी कणीक आली, तर मात्र कुणाची तक्रार नसते.

(खिडकीतून तिरपा उजेड. हवेत तरंगणारं पीठ.)

हे तरंगतंय ते डावीकडचं पीठ. काट्यावर बसतं, पत्र्याच्या नरसाळ्यावर बसतं, गिरणीवाल्यांच्या भुवयांवर बसतं. उजव्या चक्कीखाली लावलेल्या डब्यातही बसतं.

ही मुलगी नववीत आहे. शाळेच्या आधी दळण घेऊन आली आहे.

(मुलगी: "मामा, माझं पहिलं घ्या. गहू चालू करायच्या आत.")

गिरणीवाले मामा चक्की झाडतात. दोन ओंजळी ज्वारी टाकून दळतात, ते पीठ म्हशीच्या आंबोणासाठी बाजूला काढतात, आणि मग तिचं दळण टाकतात. असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तिच्या आईनं एकदा कारण सांगितलं, बाकीचं त्यांनी आपणहून ठरवलं.

तिला सिलिअॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं परदेशी धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्यावर उलटते. निरोगी आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखे बारीक धागे असतात. खाल्लेल्या अन्नाचं सत्त्व तेच शोषून घेतात. सिलिअॅकमध्ये हे धागे झिजत झिजत सपाट होतात. मग ताटात सगळं असूनही अंगी काही लागत नाही. ही पचनाची कुरबुर नाही, खाण्यातले नखरे तर नाहीतच. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद करणं, हाच एक उपचार आहे.

(तव्यावर फुगणारी पोळी, जवळून.)

पोळी अशी ताणली जाते, फुगते, घडी घातली तरी मोडत नाही, ती ग्लुटेनमुळेच. गहू आणि हा आजार यांचं नातं मात्र फार उशिरा कळलं. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ साली आजाराचं नेमकं वर्णन लिहिलं, आहारानंच तो बरा होईल असंही लिहिलं, पण कोणत्या आहारानं ते त्यांना सापडलं नाही. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. त्यांचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हावर होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्यांच्या देशात उपासमार पसरली, पाव मिळेनासा झाला, आणि अशी मुलं त्या दिवसांत बिघडण्याऐवजी सुधारलेली दिसली. डिके यांनी गव्हाबद्दलचा आपला प्रबंध १९५० साली मांडला.

भारतात दिल्ली परिसरात घरोघरी जाऊन केलेल्या एका पाहणीत साधारण शंभरात एक माणूस सिलिअॅकचा निघाला. ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. दक्षिणेत हे प्रमाण त्याच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाएवढं आढळलं आहे. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे, एका हातात पोळी आणि एका हातात भाकरी घेऊन उभा आहे.

(मंगळवेढा. काळं रान, क्षितिजापर्यंत ज्वारी.)

हे मंगळवेढ्याचं शिवार. मुलीच्या सख्ख्या मामाचं रान इथे आहे. ही जमीन इतकी खोल काळी की पावसाळ्यात पोटात घेतलेल्या ओलीवर ती पुढचे चार-पाच महिने पीक जगवते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. वरून पाणी जवळजवळ नाही. थंडी पडते, दव पडतं, आणि तेवढ्यावर मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या माणसांना ती चवीवरूनच कळते.

(हुरडा. आगटीतून काढलेली कणसं, हातावर चोळताना.)

दाण्यात अजून दूध असतानाचा हा हुरडा. आगटीतून कणीस काढायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोल उडवायचं आणि गरम असतानाच तोंडात टाकायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ. यात ग्लुटेनचा कणही नाही. पंगतीत बसून "हे चालेल का, ते चालेल का" असं विचारावं न लागता ही मुलगी पोटभर खाते ते इथे. तिच्या तोंडाकडे पाहा.

(ज्वारीची काढणी. मुळासकट उपटणारे हात.)

इथे ज्वारी पुष्कळदा कापत नाहीत, उपटतात. धाट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून जोर लावायचा. काळ्या रानाला फेब्रुवारीत भेगा पडलेल्या असतात, मुळं सहज सुटत नाहीत. दिवस मावळेपर्यंत तळहाताला फोड येतात. या कामाला मजूर मिळत नाहीत, म्हणून कितीतरी रानं ज्वारीवरून उसाकडे, नाहीतर दुसऱ्या पिकांकडे गेली. दुसरं कारण आपल्या ताटातलं आहे. आपल्या आज्यांच्या लहानपणी रोज भाकरी असे, पोळी सणाला किंवा पाहुण्यांना. १९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशातला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला, त्या वेळची भाकरी आजही जुनी माणसं तोंड वाकडं करून आठवतात. पुढे रेशनवर गहू नेहमीचा झाला, पोळी रोजची झाली, आणि भाकरी खाणारं घर मागासलेलं ठरलं. ज्या धान्यानं हा दुष्काळी मुलूख जगवला, त्याची लाज वाटावी असं त्यात काय होतं?

याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं उपाशी लोकांसाठी खुली केली, ही कथा घराघरांत सांगतात.

(मळणी यंत्र. पोती.)

रानातली ज्वारी शुद्ध. पण मळणी यंत्र गावात फिरतं. ज्वारीमागून गहू, गव्हामागून हरभरा. पोतीही तीच, झटकून पुन्हा वापरलेली. म्हणून मामा बहिणीच्या घरची ज्वारी वेगळी बडवून घेतात. ताडपत्री अंथरायची, कणसं पसरायची, काठीनं बडवायची, वाऱ्यावर उफणायची. नव्या पोत्यात भरून तोंड शिवायचं. वर्षभराच्या धान्यासाठी दोन दिवस जातात.

इतका सोस कशासाठी, असं वाटू शकतं. रोज फक्त ५० मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी सिलिअॅकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा होते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. ५० मिलीग्रॅम ग्लुटेन म्हणजे अर्धा-पाऊण ग्रॅम कणीक. दोन बोटांच्या चिमटीत मावते तेवढी.

(चिमटीत कणीक. मग घरातली घरघंटी.)

गिरणीवाल्या मामांची दोन ओंजळींची युक्ती मायेची आहे, पण चक्कीच्या दगडाला टाकी लावलेली असते, त्या खाचांत कणीक अडकून राहते. त्यामुळे या घरानं आता घरघंटी घेतली आहे. नवीकोरी. वापरलेली घेतली असती, तर आत कुणाचा तरी गहू असताच. हिच्यात गहू जाणार नाही, एकदाही नाही, असं आजीनं सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. आज पहिलं दळण.

प्रत्येकाला घरघंटी परवडत नाही. वस्तीतल्या एखाद्या गिरणीनं एक चक्की निराळ्या खोलीत, फक्त ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदळासाठी ठेवली, तर कितीतरी घरांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल. आमचं गिरणीवाल्यांकडे हे मागणं आहे आणि ते आम्ही हात जोडून मागतो आहोत.

(स्वयंपाकघर. काठवट. आजीचे हात.)

आता भाकरी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, म्हणून सगळी मदार पाण्यावर आणि हातावर. पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच कडा तुटतात. काठवटीत पीठ, मधे आळं, त्यात उकळतं पाणी. आधी उलथन्याच्या टोकानं, मग सोसेल तसं हातानं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. आता तळव्याच्या खालच्या भागानं मळायचं, पुढे रेटायचं, ओढून घ्यायचं. आजी एका भाकरीपुरतंच मळते.

(थापण्याचा आवाज. निवेदन थांबतं.)

खाली पीठ भुरभुरलेलं. उजव्या हाताची बोटं कडेकडेनं, भाकरी आपली आपण फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. त्या बाजूवर पाण्याचा हात. पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजून घ्यायची आणि मग थेट जाळावर.

(भाकरी फुगते. पापुद्रा सुटतो.)

वाफ कोंडते, पापुद्रा सुटतो. त्या पापुद्र्यात शेंगाचटणी, वर कच्चं तेल. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. उरलेल्या पातळ भाकऱ्या वाळवल्या की कडक भाकरी, ती दिवसेंदिवस टिकते. मुलीच्या दप्तरात बिस्किटांच्या जागी आता हीच असते.

ग्लुटेनमुक्त पाकिटं बाजारात भरपूर आली आहेत. काही कामाची आहेत. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पण केक-बिस्किटं पुष्कळदा स्टार्च आणि साखरेचीच असतात. ज्या शरीरातलं लोह-कॅल्शियम आधीच झिजलं आहे, त्याला त्यानं काय मिळणार? १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कोकणातली तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, देशावरची बाजरी, उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडा. मराठी घरात आधीच इतकं आहे की या मुलीचं ताट रोज पालटतं.

(फडताळ. डबे एकेक करून खाली येतात.)

आई फडताळ आवरते आहे. रवा गेला. रवा म्हणजे गहूच, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, हे ऐन पूजेत कुणाच्या लक्षात येत नाही. शेवया, दलिया गेले. सातूचं पीठ गेलं. मेतकूट गेलं, त्यात गहू भाजून घातलेला असतो. थालिपिठाची भाजणी गेली, तेच कारण. आता ती बिनगव्हाची घरी होते. आणि ही हिंगाची डबी. बाजारातला बांधानी हिंग पुष्कळदा मैद्यात कालवलेला असतो. आमटीच्या प्रत्येक फोडणीत, रोज. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. डबीवरची बारीक अक्षरं तेवढी वाचावी लागतात.

खपली गव्हाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. "जुना देशी गहू आहे, चालतो," असं सांगून तो विकला जातो. सिलिअॅकच्या माणसाला खपली चालत नाही. त्यात ग्लुटेन आहे.

(दोन तवे. एकावर लाल रंगाची खूण.)

तवा वेगळा, परात वेगळी, चाळणी वेगळी. तळण आधी तिचं, मग बाकीच्यांचं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती घरून खाऊन जाते. वडापावातला वडा बेसनाचा असला तरी गाडीवरच्या कढईचा भरवसा नाही. पाणीपुरी नाही. लग्नात साधा भात आणि दही.

निदानाच्या आधी तिला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं आणि उंची अडली होती. आता दोन्ही वाढतंय.

(दारावर पेन्सिलीच्या खुणा.)

एक गोष्ट मात्र घाईत करू नये. पोट बिघडतं, म्हणून आपल्या मनानं गहू सोडून मग तपासायला जाऊ नका. गहू बंद असला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं, आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. आधी रक्तातली ही प्रतिपिंडं मोजणारी टीटीजी तपासणी, गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा नमुना, आणि त्यानंतरच पथ्य. गव्हाची अॅलर्जी वेगळी, सिलिअॅक नसतानाही गहू न सोसणं वेगळं. त्यांचं पथ्य आणि काळजीही वेगळी, म्हणून नेमकं निदान हवं.

(धाकटा भाऊ, गणवेशात. डबा भरला जातो.)

हा आजार घराण्यात उतरतो. रुग्णाच्या आई-वडील-भावंडांपैकी शंभरात सात-आठ जणांना तो निघतो, काहींना कसलाही त्रास नसताना. आई-बाबा आणि धाकटा, तिघांचं रक्त पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तोवर धाकट्याच्या डब्यात रोज दोन पोळ्या, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कणीक पाकीटबंद आणलेली, पोळपाट निराळा, आणि लाटायचं मागच्या पडवीत.