आंब्यावरचा कावळा, बाभळीवरचा कावळा

श्रोतेहो, नमस्कार. मृग नक्षत्र जवळ आले की पंचांग उघडून अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : यंदा वाहन कोणते? बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस भरपूर, हे आपल्याला ठाऊक आहेच. हे वाहन मात्र ढग पाहून ठरत नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, त्या संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते तिच्यावरून ते ठरते, आणि म्हणूनच महाबळेश्वरला आणि बारामतीला वाहन एकच असते, पाऊस मात्र एक नसतो. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर पाककृतींऐवजी हे गणित छापावे, असे माझे जुने मत आहे.

पण लोकांचा खरा विश्वास कावळ्याच्या घरट्यावर. पुरंदर तालुक्यात, माझ्या आजोळी, दोन मामांची वावरे एकाच बांधाला लागून होती. एका वर्षी थोरल्या मामांच्या आंब्यावर कावळ्याने घरटे केले आणि धाकट्यांच्या बाभळीवर दुसऱ्याने. आंब्यावर घरटे म्हणजे पाऊस चांगला, काटेरी बाभळीवर म्हणजे पाऊस ओढ देणार. थोरल्यांनी बाजरीचे बियाणे आणून तिफण बाहेर काढली. धाकटे म्हणू लागले, पेरणी लांबवा. बांध एक, आभाळ एक, कावळे दोन. वाद इतका वाढला की समोरच्या झाडावरचे घरटे गेल्या वर्षीचे आहे, असे दोघेही शपथेवर सांगू लागले. अखेर आजीने दोघांना वावरात नेले, खुरप्याने वीतभर उकरले, बोटाला ओल लागत नाही हे दाखवले आणि तिफण परत ठेवायला लावली. पुढे वाफसा आल्यावर दोघांनी एकाच दिवशी पेरणी केली, तरी आपलाच कावळा खरा, असे थोरले मामा कित्येक वर्षे सांगत असत.

घरट्यावरून हंगामाचा पाऊस कळत नाही. पुन्हा सांगतो, कळत नाही. चंद्राच्या खळ्याचे तसे नाही. उंचावरच्या विरळ ढगांतील हिमकणांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर कडे दिसते. असे ढग कधीकधी पावसाळी ढगांच्या पुढे चालत येतात, म्हणून खळे फार तर उद्या-परवाचे सुचवते. संपूर्ण हंगामासाठी, १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलेल्या आणि आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या आपल्या वेधशाळेचा अंदाज ऐकावा.