मामांच्या वेळी ही गोळी नव्हती

नमस्कार मंडळी.

(डबी कॅमेऱ्यासमोर धरून) ही डबी बघा. आत 30 गोळ्या, महिनाभराच्या. एका गोळीत एचआयव्हीवरची तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्युडीन, डोल्युटेग्राविर. रोज एक घ्यायची. सरकारी एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट मिळते. रिकामी झाल्यावर एका ताईंनी ती मला दाखवायला दिली. लेबल त्यांनीच नखानं खरवडून काढलंय, बघा. का ते पुढे सांगतो.

माझे मामा 2002 साली गेले. निपाणीजवळच्या आमच्या आजोळी सगळ्यांना "टीबी झालाय" एवढंच सांगितलं होतं. टीबी होताच, पण त्याच्या मागे एचआयव्ही होता. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तो तांब्या परसात कडीपत्त्याखाली पालथा घातलेला असायचा. आजीचा मी आजही राग धरत नाही. एका ताटात जेवल्यानं, जवळ घेतल्यानं हा विषाणू लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत औषध सुरू केलं. सहा राज्यांत, 8 सरकारी हॉस्पिटलांत. कर्नाटकही त्यात होतं, महाराष्ट्रही. दोन वर्षं, फक्त दोन वर्षं!

तेव्हासुद्धा औषध लगेच मिळायचं नाही. रक्तातल्या सीडी4 पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, 200च्या खाली गेल्या की मग गोळ्या सुरू व्हायच्या. म्हणजे माणूस पुरता खंगायचा. 2017 पासून नियम बदलला: तपासणीत एचआयव्ही निघाला की उपचार सुरू, पेशी कितीही असोत. औषध विषाणूची वाढ रोखतं. नेमानं घेतलं तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या तपासणीत सापडतही नाही. असा माणूस औषध घेत राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याचा धोका 5 टक्क्यांच्या खाली येतो.

आता देशाचं बोलू. सरकारी अंदाजानुसार 2023 साली भारतात 25 लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगत होते. 2010च्या तुलनेत नवी लागण 44 टक्क्यांनी उतरली. मोठं काम झालंय. पण 2023-24चे आकडे मी माणसांत मोडून सांगतो. लागण झालेले 100 जण समजा. त्यातल्या 81 जणांना ती माहीत आहे. त्यातले साधारण 71 औषधावर आहेत. आणि त्या 71 पैकी 69 जणांचा विषाणू काबूत आहे!

म्हणजे जो सेंटरच्या खिडकीपर्यंत पोचला, तो बहुतेक तरला. माणसं हातची जातात ती त्याच्या आधी. 19 जणांची तर तपासणीच झालेली नाही.

आणि ती का होत नाही, हे आपल्या सीमाभागात मला रोज दिसतं. बेळगावच्या सिव्हिलमध्ये एआरटी सेंटर आहे, तरी या ताई पहाटेची गाडी धरून कोल्हापूरला जातात. का, तर रांगेत गावचं कुणी भेटेल. डबी बसमध्ये वाजते, म्हणून आत कापूस कोंबतात. लेबल त्यासाठीच खरवडलेलं. बरं, एवढं करून त्या एकही गोळी चुकवत नाहीत. पण ज्याच्याकडे गाडीभाडं नाही, ज्याची रोजची मजुरी बुडते, तो काय करणार? तो तपासायलाच जात नाही.

तपासणी म्हणाल तर अगदी साधी. बोटाला सुई, थेंबभर रक्त, कार्डावर रेघ उमटते का ते बघतात. शंका आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री करतात, मगच रिपोर्ट. संबंध अलीकडचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. दवाखान्यानं रिपोर्ट बाहेर फोडायचा नाही, एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढायचं नाही. तसा कायदाच आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू.

सरकारी दवाखान्यात गेलात आणि बोर्ड कन्नडमध्ये असला, तर "आयसीटीसी कुठे?" (म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी देणारी खोली) एवढंच विचारा, खोली दाखवतील. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097, पैसे लागत नाहीत. आणि घरात कुणाच्या गोळ्या सुरू असतील, तर आज रात्री त्यांच्या शेजारी ताट मांडून जेवायला बसा.