अहवाल वाचून दाखवणारा माणूस

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेदहा. ठाण्याच्या चरई भागातील एका जुन्या इमारतीच्या आवारात प्लास्टिकच्या वीस-पंचवीस खुर्च्या मांडल्या आहेत. सोसायटीच्या सचिवांच्या हातात संरचनात्मक तपासणीचा जाडजूड अहवाल आहे; त्याचे शेवटचे पान सोडले, तर बाकी एकही पान इथे कोणी वाचलेले नाही. त्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत ‘सी-२बी’ असे छापले आहे. दुसऱ्या रांगेतल्या आजी विचारतात, “म्हणजे आता घर सोडायचं का हो?”

“नाही आजी,” समोर उभा असलेला अभियंता सांगतो. “सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ती इमारत रिकामी करून पाडावीच लागते. सी-२ए असेल तर रिकामी करून दुरुस्ती. तुमची सी-२बी आहे, म्हणजे घरात राहूनच दुरुस्ती करता येते. पण ती पुढच्या वर्षावर ढकलू नका.”

हा अभियंता या इमारतीचा सल्लागार नाही, अहवालही त्याने केलेला नाही आणि आजच्या सकाळचे त्याला मानधन मिळणार नाही. तो आपल्या अभियंत्यांच्या संघटनेचा सभासद आहे आणि सोसायट्यांना असे अहवाल समजावून सांगण्यासाठी या रविवारचे दोन तास त्याने स्वयंसेवक म्हणून दिले आहेत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. नौपाडा, चरई, उथळसर, कोपरी या जुन्या वस्त्यांमधल्या कितीतरी इमारतींनी ही तिशी केव्हाच ओलांडली. ४ ऑगस्ट २०१५ रोजी पहाटेच्या अंधारात नौपाड्यातील अशीच एक जुनी इमारत कोसळली आणि १२ जणांचा जीव गेला. तपासणीचा कायदा तेव्हाही होता. कायदा अहवाल मागू शकतो. तो अहवाल रहिवाशांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नाही, आणि नेमक्या त्याच जागी आपल्या व्यवसायातल्या माणसाची गरज आहे.

सभा थोडी थांबवून अभियंता सगळ्यांना जिन्याखालच्या खांबापाशी नेतो. हातोडीच्या दांड्याने गिलाव्यावर हलकेच ठोकतो. वर खणखणीत आवाज येतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर तोच आवाज पोकळ, भदभदा होतो. तिथला पोपडा बोटानेच सुटतो आणि आत तपकिरी, पापुद्रे धरलेली सळई दिसते. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साडेबाराच्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वेढ्यात लोखंड सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला की सामू नऊच्या खाली येतो, खाडीकडून येणारे क्षार त्यात भर घालतात आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. हे सांगून झाल्यावर सचिव मान खाली घालून म्हणतात, “गेल्या दिवाळीत आम्ही यावर नुसता रंग मारून घेतला.” अहवालाच्या चाळीस पानांनी जे झाले नाही, ते त्या एका पोपड्याने झाले.

इथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अनेक सभासद तिच्याच धास्तीने मागे राहतात. स्वयंसेवकाने फुकट तपासणी करायची नाही, कोणतेही प्रमाणपत्र द्यायचे नाही आणि दुसऱ्या अभियंत्याच्या निष्कर्षावर शेरा मारायचा नाही. तपासणीची जबाबदारी ज्याची सही आहे त्याचीच राहते, आणि त्याचे शुल्क हा त्याचा हक्क आहे. स्वयंसेवक फक्त अर्थ सांगतो: तपासणीत काँक्रीटमधून सोडलेल्या स्वनातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा कमी आला तर काँक्रीटच्या दर्जाबद्दल शंका का घ्यायची, टेकू आधी कुठे लावायचे, ठेकेदाराला कोणते प्रश्न विचारायचे.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. मार्चअखेरची देयके आणि साइटवरचे स्लॅब कोणालाच चुकत नाहीत. तरीही वर्षानुवर्षे तीच चार-पाच माणसे प्रत्येक सोसायटीत जातात आणि उरलेले सभासद वार्षिक सभेत त्यांचे कौतुक करतात, हे जरा संकोचाचेच आहे. तरुण सभासदांना तर यात शिकायलाच अधिक मिळते. तीन-तीन वर्षे संगणकावर आराखडे करणाऱ्या पदवीधराने पोकळ गिलाव्याचा आवाज कधी ऐकलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक भेटीला एक अनुभवी आणि एक नवखा, अशी जोडी ठरवलेली आहे. ओळखपत्र, विजेरी आणि हातोडी, एवढेच बरोबर आणायचे.

बारा वाजतात. खुर्च्या एकात एक अडकवल्या जात आहेत. पाऊस ठाण्यात साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो. त्याआधी खांबाला टेकू लावायचे, असे सभेत ठरले आहे. निघता निघता आजी विचारतात, “पुढच्या रविवारी टेकू लावताना तुम्ही असाल ना?” अभियंता खिशातून वेळापत्रक काढतो. पुढच्या रविवारी त्याचे नाव कोपरीतल्या सोसायटीपुढे आहे. चरईपुढची दोन्ही नावांची जागा अजून कोरी आहे.