रक्ताचा रिपोर्ट आणि काढलेला तुकडा

(दृश्य: नाशिकची सातपूर एमआयडीसी, शिफ्ट सुटण्याची वेळ)

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी सातपूर-अंबडला शिफ्ट सुटली की तळहातावर तंबाखू-चुना मळला जातोच, आणि घरात मशेरी लावणाऱ्या बायका वेगळ्याच. मग कधीतरी गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो, तिखट झोंबू लागतं, तोंड पुरतं उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून तपासू. घरचे विचारतात, "रक्त तपासून नाही का भागणार?"

प्रश्न रास्त आहे. एससीसी अँटीजेन, सायफ्रा 21-1 अशी प्रथिनं रक्तात मोजता येतात आणि तोंडाच्या कर्करोगात ती वाढूही शकतात. पण गाठ लहान असताना पुष्कळदा वाढत नाहीत. उलट मूत्रपिंडाच्या किंवा त्वचेच्या आजारात कर्करोग नसतानाही एससीसी वाढलेलं दिसतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून चट्टा अंगावर काढणं फार महागात पडतं.

'गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो,' असं अजूनही सर्रास बोललं जातं. या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात, याचं फार वाईट वाटतं. बायोप्सीमुळे, म्हणजे तपासायला तुकडा काढल्यामुळे, तोंडाचा कर्करोग पसरत नाही.

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब, सूक्ष्मदर्शकाखाली काच)

फॉर्मलिनमधून (तुकडा टिकवणारं द्रावण) आलेला तुकडा मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. त्याचे साधारण 4 मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळे रंगवतात. तोंडाच्या अस्तराच्या पेशी तळाचा पडदा फोडून आत घुसल्यात का, हे इथे दिसतं. निदान ठरतं ते यावरच. शंका उरली तर मार्कर मदतीला येतात, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं तपकिरी रंगवून पाहतात. की-67 हे विभाजन चालू असलेल्या पेशींत सापडणारं प्रथिन. निरोगी अस्तरात त्याचे तपकिरी ठिपके तळाजवळच्या थरात असतात. पेशी बिघडत चालल्या की ते वर चढलेले दिसतात. पी53 हे दुसरं प्रथिन एरवी काही मिनिटांत नष्ट होतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की पुष्कळदा ते पेशीकेंद्रात साठून राहतं.

पुढे आजार उलटला, तर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार) लागू पडेल का हे जोखायला पीडी-एल1 या प्रथिनाची तपासणीही याच ब्लॉकवर करता येते. नाशिकहून परळला टाटा हॉस्पिटलला जाणार असाल, तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. तिथे ते पुन्हा तपासतात.