सी, एस, एम आणि मधेच तो एक्स

नमस्कार मंडळी,

लघुग्रहांची यादी कधी चाळली असेल तर नावाशेजारी एक अक्षर दिसतं, सी, एस, एम, व्ही, डी असं काहीतरी. आणि बऱ्याच ठिकाणी लगेच लिहिलेलं असतं की सी म्हणजे कार्बनवाले, एस म्हणजे दगडी, एम म्हणजे धातूचे. शाळेपुरतं ठीक आहे हो, पण खरं बघायला गेलं तर तो दगड कशाचा बनलाय हे ते अक्षर सांगतच नाही, त्याच्यावरून परत येणारा उजेड कसा दिसतो एवढंच सांगतं. उजेडावरून दगडाचा अंदाज बांधणं हे वेगळं काम आहे आणि त्यात भलेभले वर्षानुवर्षं अडकून पडले होते. आज त्याबद्दलच बोलू.

आधी हे मोजतात कसं ते बघू. आपल्या दुर्बिणीत येतो तो लघुग्रहावरून परतलेला सूर्याचाच उजेड. म्हणजे जो वर्णपट (कोणत्या रंगाचा उजेड किती, याचा आलेख) मिळतो त्यात सूर्य मिसळलेला, आपली हवा मिसळलेली आणि दगडाची खूण कुठेतरी त्यात दडलेली. मग काय करतात, त्याच रात्री सूर्यासारखाच एखादा तारा, उदाहरणार्थ १६ सिग्नी बी, साधारण तेवढ्याच उंचीवर असताना गाठतात, त्याचाही वर्णपट घेतात आणि लघुग्रहाच्या वर्णपटाला ताऱ्याच्या वर्णपटाने भागतात. सूर्य गेला, हवाही बरीचशी गेली, उरला तो दगड. (तारा नीट निवडला नाही तर आलेखाचा उतार बदलतो आणि कधीकधी अक्षरसुद्धा, पण ते असो.) हा उरलेला आलेख ०.५५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, उजेडाची तरंगलांबी यात मोजतात) इथे, म्हणजे हिरव्या रंगाच्या आसपास, १ धरून काढतात, म्हणजे दोन लघुग्रह शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. पण असं १ धरलं की कोण कोळशासारखा काळा आणि कोण उजळ हे पुसलं जातं, फक्त आलेखाचा आकार उरतो. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच घोळ होणार आहे.

आता आकारात बघायचं काय? मुख्य म्हणजे खळगे. ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही दोन खनिजं, त्यांच्या स्फटिकातलं लोह ठराविक ठिकाणी उजेड गिळतं. दोघांचा खळगा १ मायक्रॉनच्या आसपास पडतो, पण पायरॉक्सीनचा अजून एक असतो, २ मायक्रॉनजवळ. १९७० मध्ये व्हेस्टा या मोठ्या लघुग्रहाच्या वर्णपटात पायरॉक्सीनचा असा ठसठशीत खळगा सापडला आणि तो पृथ्वीवर पडलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या बेसाल्टी अशनींशी जुळला. एवढ्या लांबच्या लघुग्रहाचा दगड इथे प्रयोगशाळेत आधीच येऊन पडलेला होता! व्हेस्टाला म्हणून व्ही हे स्वतःचं अक्षर मिळालं आणि नंतर २०११ मध्ये डॉन यान तिथे पोचलं तेव्हा ही जोडी पक्की झाली.

अक्षरांची पद्धत सुरू झाली १९७५ मध्ये. चॅपमन, मॉरिसन आणि झेलनर यांनी दोन मोठे गट केले, सी आणि एस, आणि जे कशातच बसत नव्हते त्यांना यू. मग १९८४ मध्ये डेव्हिड थोलेननी ते १४ प्रकारांवर नेलं, २००२ मध्ये शेल्टे बस आणि रिचर्ड बिन्झेल यांनी २६ वर, २००९ मध्ये फ्रान्चेस्का डिमिओ यांच्या टीमने इन्फ्रारेड जोडून २४ केले. दर काही वर्षांनी कोणीतरी पुन्हा वाटे पाडतं, मला त्यात वाईट काही वाटत नाही.

खरी गोष्ट आहे ती एसची. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींमध्ये जवळपास ८० टक्के एकाच घराण्यातल्या असतात, त्यांना साधे कॉन्ड्राइट म्हणतात. आणि मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागात, आपल्याला जवळच्या बाजूला, एस टाइपचा सुकाळ. कोणालाही वाटेल की हे तिकडूनच येतात. पण वर्णपट जुळेचना. एस टाइप जास्त लाल, खळगे उथळ, तर प्रयोगशाळेतली कॉन्ड्राइटची पूड कमी लाल आणि खळगे खोल. मग काय, एक बाजू म्हणणार एस म्हणजे वितळून गेलेले वेगळेच दगड आहेत, दुसरी म्हणणार नाही हो, वरचा थर खराब झालाय, आत तेच आहे, आणि हे भांडण काही दशकं चाललं. १९९३ मध्ये गॅलिलिओ यान इडा या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा दिसलं की ताज्या विवरांजवळची माती बाकीच्या पृष्ठभागापेक्षा कमी लाल आहे. म्हणजे उघड्यावर पडून पडून रंग बदलतो, सौरवारा आणि बारीक धूळकणांचा मारा यामुळे. मग २००१ मध्ये बिन्झेल आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीवरूनच इटोकावा या छोट्या एस टाइपचा वर्णपट बघून सांगितलं की हा एलएल प्रकारचा (साध्या कॉन्ड्राइटांचाच एक उपप्रकार) कॉन्ड्राइट असणार, फक्त वरून लाल झालेला.

आणि मग हायाबुसा यान तिकडे गेलं. २००५ मध्ये उतरलं तर नमुना उडवायची गोळी सुटलीच नाही, सगळ्यांना वाटलं डबा रिकामा येणार. २०१० मध्ये डबा परत आला, उघडला तर आत हजाराच्या वर कण, बहुतेक इतके बारीक की डोळ्याला दिसूच नयेत. तपासले तर एलएल कॉन्ड्राइटच. आणि काही कणांच्या कडेला नॅनोमीटरमध्ये मोजावा लागेल असा पातळ थर, त्यात अतिसूक्ष्म लोहकण. उजेड लाल करणारे ते हेच. इतक्या वर्षांचा वाद, आणि त्याचं मूळ केसापेक्षाही कितीतरी पातळ असलेल्या एका थरात!

एसचं निदान खळगे होते म्हणून मिटलं. एक्सचं काय करणार? थोलेनच्या पद्धतीत ई, एम आणि पी असे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे आलेख जवळपास सारखे, सपाटसर, किंचित लाल, म्हणावे असे खळगे नाहीतच. फरक फक्त उजळपणात, ई सगळ्यात उजळ, एम मधला, पी काळाकुट्ट. आणि मघाशी म्हटलं तसं, आलेख १ धरून काढला की नेमकी हीच माहिती गायब होते. म्हणून २००२ च्या पद्धतीत, जिथे उजळपणा धरलाच नव्हता, ते तिघंही एक्समध्ये एकत्र. हे मला कधीच पटलं नाही, चुना आणि काजळी एकाच डब्यात ठेवल्यासारखं आहे ते. २०२२ मध्ये माल्के आणि सहकाऱ्यांनी उजळपणा परत हिशोबात घेतला आणि ई, एम, पी पुन्हा वेगळे झाले, बरं झालं.

तरीसुद्धा एम म्हणजे धातू हे काही सिद्ध होत नाही. ल्युटेशिया या लघुग्रहाला एम म्हणायचे, २०१० मध्ये रोझेटा यान जवळून गेलं तर धातूचा गोळा वगैरे काही दिसला नाही.

आणि एकच लघुग्रह म्हणजे एकच प्रकारचा दगड, हेही नेहमी खरं नसतं. २००८ टीसी३ नावाचा काही मीटरचा लघुग्रह ऑक्टोबर २००८ मध्ये आदळायच्या साधारण १९ तास आधी सापडला. तेवढ्यात ला पाल्मा बेटावरच्या हर्शेल दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, अक्षर आलं एफ, म्हणजे सीच्या जवळचा, सपाट आलेखाचा प्रकार. मग तो सुदानच्या वाळवंटावर फुटला आणि खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रांगा करून चालत चालत तुकडे गोळा केले. बहुतेक युरेलाइट नावाच्या प्रकारच्या अशनी, पण मधेमधे एन्स्टाटाइट कॉन्ड्राइट हा वेगळाच प्रकार, साधे कॉन्ड्राइट, सगळी भेळ! वर्णपटात मात्र या सगळ्यांची सरासरी आली होती, एक सपाट रेघ.

आता सगळ्यांचं लक्ष आहे १६ सायकीकडे, एम टाइप, साधारण २२० किलोमीटर रुंद. रडारला चमकदार दिसतो, म्हणजे धातू बराच असावा, पण घनता निघते पाण्याच्या चौपट, आणि लोखंडाची असते जवळजवळ आठपट, तर एकतर आत भरपूर पोकळ्या आहेत नाहीतर दगड मिसळलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं सायकी यान २०२९ मध्ये तिथे पोचायचं आहे आणि त्याच्यावर गॅमा किरण आणि न्यूट्रॉन मोजणारं यंत्र आहे, म्हणजे लोह किती, निकेल किती, सिलिकॉन किती हे थेट मूलद्रव्यांवरून कळेल, परतलेल्या उजेडावरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.