एका संघात दोन नेते

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला दुपारी सायकलने निघालात, की डाव्या हाताला समुद्र आणि डाव्याच अंगाने खारा वारा. अशा वाऱ्यात व्यावसायिक संघ सरळ एकामागे एक जात नाही. पुढचा वाऱ्याच्या बाजूला, त्याच्या मागचा थोडा उजवीकडे, त्याच्या मागचा आणखी उजवीकडे, अशी तिरकी रांग लागते. आपल्या वाहत्या रस्त्यावर हे करू नका, उजवीकडे सरकत गेलात तर समोरून एसटी येईल. शर्यतीत रस्ता बंद असतो. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला आडोशात बसलेल्याचे श्रम साधारण पाव ते तृतीयांशाने वाचतात. हा आडोसा कोणी द्यायचा आणि कोणी घ्यायचा, इथूनच संघातली सगळी भांडणं सुरू होतात.

टूर द फ्रान्स म्हणजे रोज एक टप्पा अशी तीन आठवड्यांची शर्यत, सगळ्या टप्प्यांची मिळून वेळ ज्याची सर्वात कमी तो जिंकतो. तिथे २०१८ पासून एका संघात ८ जण असतात. त्यातला एक नेता, बाकीचे त्याच्यासाठी राबणारे. राबायचं म्हणजे संघाच्या गाडीपर्यंत मागे जायचं, जर्सीत सहा-सात बाटल्या कोंबायच्या आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा पुढे यायचं. नेत्याचं चाक पंक्चर झालं आणि गाडी लांब असली, तर आपलं चाक नाहीतर अख्खी सायकल द्यायची. म्हणून नेत्याच्याच उंचीचा एक साथीदार त्याच्या जवळ ठेवतात. इथे बारीकसारीक गोष्टी घात करतात. शर्यतीचे बूट पेडलमध्ये अडकवायचे असतात, पेडल वेगळ्या पद्धतीचं असेल तर बूट बसतच नाही. एकाची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११ गियरची आणि दुसऱ्याची १२ ची असेल, तर चाक बसतं पण गियर अडखळतात. चाकावरची ब्रेकची डिस्क जराशी बाहेर आली तर ब्रेक घासत राहतो. मागे पडलेल्या नेत्याला आणायला दोघे-तिघेच थांबतात, कारण सगळे थांबले तर पुढे प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवायला कोणी उरत नाही. वळण संपल्यावर एकदम जोर लावायचा नाही. पुढच्याने झटका दिला की मागचा दमलेला नेता त्याच्या आडोशातून सुटतो.

चढावर मात्र हिशेब बदलतो. आपल्या आंबा घाटात वेग १२-१५ वर आला की आडोशाचा उपयोग फारसा राहत नाही, ज्याचे पाय चालतात तो पुढे जातो. राबणारा नेत्यापेक्षा ताकदवान असेल तर ते तिथे सगळ्या जगाला दिसतं. २०१२ च्या टूरमध्ये ला तुसुइरच्या चढावर ख्रिस फ्रूम आपल्याच नेत्याला, ब्रॅडली विगिन्सला, सोडून पुढे गेला आणि मग त्याच्यासाठी थांबला. विगिन्सने ती टूर ३ मिनिटं २१ सेकंदांनी जिंकली. दुसरा आला फ्रूम.

दोन नेते ठेवणं मुळात चूक नाही. एक पुढे पळाला की प्रतिस्पर्ध्यांना पाठलाग करावा लागतो आणि दुसरा त्यांच्याच आडोशात बसून राहतो. मोघम शब्द मात्र महागात पडतो. १९८५ मध्ये ग्रेग लेमाँडने आपल्याच संघातल्या बर्नार इनोला पाचवी टूर जिंकायला मदत केली. पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबेन, असा इनोने शब्द दिला. १९८६ मध्ये मात्र पो गावच्या टप्प्यात इनोच पळाला आणि लेमाँडवर चार मिनिटांहून जास्त आघाडी घेतली. शेवटी लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला खरा, पण आपल्याच माणसाशी झुंजून.

१९८७ च्या जिरोत, म्हणजे इटलीतल्या तशाच मोठ्या शर्यतीत, त्याहून वाईट घडलं. काररेरा संघाचा रोबेर्तो विसेंतिनी आदल्या वर्षीचा विजेता होता आणि आघाडीवरच्याला मिळणारी गुलाबी जर्सी त्याच्याच अंगावर होती. सापादाच्या टप्प्यात त्याचा साथीदार स्टीफन रोश पुढे निघाला. आपला माणूस पुढे असताना पाठलाग करायचा नाही, हा या खेळातला पहिला धडा. काररेराने आपल्याच रोशचा पाठलाग केला. संघ दमला, विसेंतिनी कोसळला आणि जर्सी रोशकडे गेली. त्यानंतर संघात रोशच्या बाजूने एडी शेपर्स तेवढा उभा राहिला. रोशने जिरो जिंकली, पण आठजणांचं काम एकावर पडलं, ते मला आजही पटत नाही.

२०२३ च्या वुएल्तात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, आघाडीवर होता सेप कस, म्हणजे त्याच वर्षी प्रिमोझ रोग्लिचला जिरो आणि योनास विंगेगोला टूर जिंकून देताना राबलेला गडी. तिघेही युम्बो-विस्मा संघाचे. आंग्लिरूच्या चढावर रोग्लिच आणि विंगेगो त्याला सोडून गेले आणि कसची आघाडी ८ सेकंदांवर आली. दुसऱ्या दिवशी संघाने कससाठीच राबायचं ठरवलं. कस १७ सेकंदांनी जिंकला, विंगेगो दुसरा, रोग्लिच तिसरा. हा निर्णय आंग्लिरूच्या पायथ्याशी व्हायला हवा होता.

कोकणातल्या ज्या मुलामुलींना संघ म्हणून शर्यतीत उतरायचंय, त्यांनी नेता निवडताना ताजेतवाने असतानाचा वेग बघू नये. चार तास चालवल्यानंतर घाट चढवून बघावा. आदल्या रात्री ठरवून टाकावं की पायथ्यापर्यंत नेत्यासाठी कोण थांबणार, नेता किती सेकंद मागे पडला की दुसऱ्याला मोकळीक मिळणार, आणि ती मोकळीक कोण देणार. बक्षिसाची वाटणीही तेव्हाच ठरवा. मोठ्या संघांत ती राबणाऱ्यांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांत होते. घाट कितव्या किलोमीटरला लागतो आणि बाटल्या कुठे मिळणार, याची चिठ्ठी खेळाडू हँडलच्या दांडीला चिकटवतातच. थांबणाऱ्याचं नाव आणि सेकंदांचा आकडा त्याच चिठ्ठीवर लिहा, सगळ्यांच्या सायकलींवर एकसारखा.